घसरणीची भीती आणि बुडालेले क्लब

मंडळी, इंग्लंडच्या क्लब रग्बीतला २०२३-२४ चा हंगाम घ्या. वरच्या श्रेणीत, म्हणजे प्रीमियरशिपमध्ये दहा संघ, प्रत्येकाचे अठरा सामने. त्यातला न्यूकॅसल फाल्कन्स अठराच्या अठरा सामने हरला. खालच्या श्रेणीत, चॅम्पियनशिपमध्ये, पश्चिम लंडनचा ईलिंग ट्रेलफाइंडर्स पहिला आला. पुढच्या हंगामात कोण कुठे? न्यूकॅसल वरच, ईलिंग खालीच. ईलिंगचं मैदान वरच्या श्रेणीच्या निकषांत बसत नव्हतं. निकष होता १०,००१ प्रेक्षकांचा. दहा हजार पुरत नाहीत, वर आणखी एक हवा. हा शेवटचा एक ज्याने घातला त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे.

खालून वर बढती आणि वरून खाली घसरण ही पद्धत कायमची बंद करावी, दहा-बारा क्लबांची बंदिस्त लीग करावी, असा आग्रह प्रीमियरशिपच्या मालकांनी अनेक वर्षं धरला. त्यावरची चर्चा ऐकताना वाटायचं की आज दार उघडं आहे आणि उद्या ते लागणार आहे. वस्तुस्थिती अशी की मैदानावरच्या निकालामुळे खाली गेलेला शेवटचा संघ २०१९ चा न्यूकॅसल. २०२० मध्ये सारासेन्स खाली गेला तो पगारमर्यादा, म्हणजे क्लबाने खेळाडूंच्या पगारावर करायच्या खर्चाची मर्यादा, मोडल्याची शिक्षा म्हणून. आधी ३५ गुणांची कपात आणि पन्नास लाख पौंडांहून जास्त दंड झाला होता, मग थेट खालची श्रेणी. त्यानंतर कोविडच्या नावाखाली घसरण स्थगित झाली, स्थगिती वाढत गेली, आणि ती उठली तेव्हा वर चढणाऱ्याला मैदानाचा निकष आडवा आला.

आता मालकांचं म्हणणं नीट ऐकू, कारण ते अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, घसरणीच्या भीतीने क्लब वेडा खर्च करतात. डिसेंबरात संघ तळाला दिसला की जानेवारीत कुठून तरी तिशीतला महागडा परदेशी फॉरवर्ड आणायचा, अकादमीतल्या पोराला बाकावर बसवायचं, आणि पावसात चिखलात लाथा मारत कसेबसे नऊ-सहा असे सामने काढायचे. गुंतवणूकदारही बिचकतो. आज घेतलेला क्लब पुढच्या मे महिन्यात खालच्या श्रेणीत असेल तर पैसे घालायचे कशात? सीव्हीसी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने २०१८ च्या डिसेंबरात वीस कोटी पौंडांहून अधिक मोजून प्रीमियरशिपचा सुमारे २७ टक्के हिस्सा घेतला, तेव्हापासून हा सूर जास्तच वर लागला.

खेळाबद्दलचा त्यांचा मुद्दा मला मान्य आहे. २०२०-२१ मध्ये घसरण स्थगित होती आणि संघ मोकळे खेळले. हार्लेक्विन्स उपांत्य सामन्यात ब्रिस्टलविरुद्ध ०-२८ ने मागे होता, तिथून जादा वेळेत जिंकला. मग अंतिम सामन्यात एक्झिटरला ४०-३८ ने हरवलं. असा अंतिम सामना पुन्हा पाहायला मिळाला तर मी तिकिटाला दुप्पट पैसे मोजेन.

पैशांबद्दलचा मुद्दा मात्र मला पटत नाही, आणि त्याचं उत्तर त्याच काळात लिहिलेलं आहे. घसरणीची भीती काढून टाकल्यावर क्लब सावरायला हवे होते ना? २०२२ च्या सप्टेंबरात वूस्टर वॉरियर्स प्रशासकांच्या ताब्यात गेला. ऑक्टोबरात वॉस्प्स. २०२३ च्या जूनमध्ये लंडन आयरिशला लीगबाहेर काढलं. नऊ महिन्यांत तीन क्लब, आणि तिन्ही बुडाले तेव्हा खाली घसरण्याचा धोका कुणालाच नव्हता. तेराची प्रीमियरशिप दहावर आली.

वॉस्प्सची गोष्ट जरा सांगतो. १८६७ चा क्लब, सहा वेळा इंग्लंडचा विजेता, दोनदा युरोपचा. २०१२ च्या मे महिन्यात शेवटच्या साखळी सामन्यात न्यूकॅसल त्यांच्या घरी आला होता. न्यूकॅसलला वाचायचं तर मोठ्या फरकाने जिंकणं भाग होतं. ते जिंकले, पण १४-१० असे, आणि जिंकूनही खाली गेले. वॉस्प्स हरून वाचला. मग २०१४ मध्ये त्यांनी काय केलं, तर लंडनजवळच्या हाय विकमहून बाडबिस्तरा उचलला आणि कोव्हेंट्रीचं भलंमोठं स्टेडियम घेतलं. त्यासाठी लोकांकडून कर्जरोख्यांतून साडेतीन कोटी पौंड उभे केले, साडेसहा टक्के व्याजाने. रोखे घेणाऱ्यांत क्लबचे साधे पाठीराखेही होते. २०२२ च्या मे महिन्यात मुद्दल परत करायची वेळ आली आणि पैसे नव्हते. यात घसरणीचा संबंध कुठे येतो ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. हा जमीन-इमारतीचा धंदा होता आणि तो अंगाशी आला.

रग्बी युनियन अधिकृतपणे व्यावसायिक झालं १९९५ च्या ऑगस्टमध्ये. त्याआधी खेळाडूला मानधन नव्हतं, त्यामुळे क्लबचा खर्च म्हणजे बस, चहापाणी आणि गवत. एकाएकी पगार आले, आणि ते भरायला श्रीमंत मालक आले. खिशातून घालायचं आणि वर्षअखेरीला तोटा मिटवायचा, हीच व्यवस्था झाली. मालक कंटाळला किंवा त्याचा दुसरा धंदा बसला की क्लब आडवा. रिचमंडचं १९९९ मध्ये हेच झालं, आणि तेव्हा तो वरच्या श्रेणीतच होता. तीस वर्षांत या व्यवस्थेचं मूळ फारसं बदललेलं नाही. पगारमर्यादा ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणली तेव्हा जरा श्वास घेता आला. नंतर ती पुन्हा होती तिथे नेली. तोटा होतोय म्हणून ओरडणाऱ्या क्लबांनीच हे केलं, हे लक्षात घ्या.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावतो. इंग्लिश रग्बीत ही पद्धत काही राणी व्हिक्टोरियाच्या काळापासूनची नाही. देशभराची लीग सुरू झाली १९८७ मध्ये, तोवर क्लब आपापसात बहुतांशी मैत्रीचे सामने खेळायचे. शिवाय उघडं दार म्हणतात ते सगळ्यांना सारखं उघडं कधीच नव्हतं. प्रीमियरशिपच्या भागधारक क्लबांना मध्यवर्ती पैशांचा मोठा वाटा, आणि नव्याने वर आलेल्या, भाग नसलेल्या क्लबाच्या पानात कमी. लंडन वेल्शला याचा अनुभव आला. १८८५ चा क्लब, ब्रिटन आणि आयर्लंडच्या संयुक्त लायन्स संघाच्या १९७१ च्या दौऱ्यावर ज्याचे सात खेळाडू गेले होते. २०१२ मध्ये त्यांनी बढती मिळवली, तर आधी मैदानाच्या कारणावरून नकार, मग अपिलात होकार. स्वतःचं मैदान सोडून ऑक्सफर्डला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये खेळावं लागलं. खाली गेले, २०१४ मध्ये पुन्हा वर आले आणि २०१४-१५ चे बावीसच्या बावीस सामने हरले. अख्ख्या हंगामाची कमाई एक गुण. २०१७ च्या जानेवारीत त्यांना व्यावसायिक लीगमधून काढून टाकलं. बंदिस्त लीगवाले हे उदाहरण नेहमी पुढे करतात आणि ते खरंच वाईट उदाहरण आहे. पण दोष चढण्याचा होता की चढणाऱ्याला मिळालेल्या शिदोरीचा?

आता एक्झिटर. नैऋत्य इंग्लंडमधलं डेव्हन परगण्यातलं शहर, रग्बीच्या नकाशावर एके काळी नगण्य. २०१० च्या मे महिन्यात चॅम्पियनशिपचा अंतिम सामना दोन टप्प्यांत होता, समोर ब्रिस्टल. ब्रिस्टल मोठं शहर, मोठा क्लब, आदल्याच वर्षी खाली आलेला, लगेच वर जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पहिला टप्पा एक्झिटरने घरी ९-६ असा जिंकला. तीन गुणांची आघाडी घेऊन ब्रिस्टलला जायचं म्हणजे रिकाम्या हाताने जाण्यासारखंच. तिथे गॅरेथ स्टीन्सन नावाच्या गड्याने एकट्याने बुटाच्या जोरावर २४ गुण काढले आणि एक्झिटर २९-१० ने जिंकला. स्टीन्सन उत्तर आयर्लंडचा. मोठ्या क्लबांनी कधी फार विचारलं नाही असा, खालच्या श्रेणीत रॉदरहॅम, कॉर्निश पायरेट्स असं करत इथे पोचलेला. पेनल्टी घ्यायची, चेंडू ठेवायचा, मागे सरकायचं, मारायचा. त्यात नेत्रदीपक काही नव्हतं. सात वर्षांनी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर प्रीमियरशिपचा अंतिम सामना, समोर तोच वॉस्प्स. संपायला दोन मिनिटं असताना स्टीन्सनने पेनल्टीवर बरोबरी साधली, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी आणखी एक मारून सामना काढला, २३-२०. तोच माणूस, तोच बूट. २०२० मध्ये एक्झिटरने युरोपचा आणि इंग्लंडचा असे दोन्ही चषक घेतले.

बंदिस्त लीगचे निकष २००९ मध्ये कुणी कागदावर मांडले असते तर त्यात एक्झिटर बसला नसता. मोठं शहर नाही, दूरचित्रवाणीला आकर्षण नाही, इतिहास नाही. ब्रिस्टल बसला असता. कोणता क्लब वाढेल हे समितीला आधी कळत नाही, ते मैदानावर कळतं, आणि माझा सगळा आक्षेप इथे आहे.

खालच्या श्रेणीचं काय होतं तेही बघा. २०२० मध्ये आरएफयूने, म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघटनेने, चॅम्पियनशिपच्या प्रत्येक क्लबाचं वार्षिक साहाय्य सुमारे ५ लाख ३० हजार पौंडांवरून २ लाख ८८ हजारांवर आणलं. पैसे कापायचे आणि वर म्हणायचं, बघा, खालचे क्लब वर यायच्या लायकीचे नाहीत. जर्सी बेटावरचा जर्सी रेड्स २०२३ मध्ये चॅम्पियनशिप जिंकला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, नवा हंगाम नुकता सुरू झाला असताना, बंद पडला.

समुद्र ओलांडून फ्रान्सला गेलं की तीच पद्धत धडधडीत चालू दिसते. चौदा संघांची टॉप १४, खाली प्रो डी२. शेवटचा थेट खाली, तेराव्याला खालच्या उपविजेत्याशी एक सामना. बियारिट्झ २००५ आणि २००६ चा फ्रान्सचा विजेता, २०१४ मध्ये घसरला. त्याच वर्षी ला रोशेल वर आला आणि २०२२, २०२३ असा लागोपाठ दोनदा युरोपचा विजेता झाला. दोन्ही वेळा हरवलं कुणाला, तर आयर्लंडच्या लेन्स्टरला, जो घसरण नसलेल्या लीगमध्ये खेळतो. फ्रान्समध्ये क्लबांचे हिशेब तपासणारी एक स्वतंत्र समिती आहे. ताळेबंद जमला नाही तर ती क्लबाला खालच्या श्रेणीत पाठवू शकते, मैदानावर तो कितवाही असो. खर्चाला लगाम हवा होता ना? तो असा लावतात. अर्थात तिथे दूरचित्रवाणीचे पैसे भरपूर, आणि बरीच मैदानं नगरपालिकांची. इंग्लंडला हे जसंच्या तसं जमणार नाही, पण हिशेब तपासणारी, दात असलेली समिती नेमायला कुणी अडवलं होतं?

बंदिस्त लीगमध्ये क्लब सुरक्षित असतो असंही नाही. दक्षिण गोलार्धातल्या सुपर रग्बी लीगमध्ये घसरण नाही, तरी पर्थच्या वेस्टर्न फोर्सला २०१७ मध्ये काढलं आणि मेलबर्न रेबेल्स २०२४ मध्ये गेला. तिथे खाली जायला श्रेणीच नसते, म्हणून थेट बाहेर.

प्रामाणिकपणे एक गोष्ट दुसऱ्या पारड्यात टाकायला हवी. सुरुवातीला सांगितलेला न्यूकॅसल लागोपाठ तीन हंगाम तळाला राहिला, आणि २०२५ मध्ये रेड बुल या पेयकंपनीने तो विकत घेतला. खाली गेला असता तर त्यांनी घेतला असता का? बहुधा नाही. ईशान्य इंग्लंडमधली व्यावसायिक रग्बी कदाचित संपलीच असती. मालकांकडे याहून भक्कम उदाहरण नाही, आणि माझ्याकडे त्याला पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्यातल्या दोन हंगामांची किंमत ईलिंगने मोजली आणि रेड बुलच्या पैशातला एक पौंडही त्यांना मिळालेला नाही.

(यानंतर श्रोत्यांमधून प्रश्न आला की आयपीएलमध्येही घसरण नाही, मग तिथे काय बिघडलं?)

चांगला प्रश्न. आयपीएलमध्येही संघ गेलेत हो, कोची एका हंगामात आटोपला, डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये. पण मुख्य फरक वेगळा आहे. आयपीएलचे संघ नव्याने, लिलावातून तयार झाले, दोन-अडीच महिने खेळतात. त्यांच्या खाली कुठला शंभर वर्षांचा क्लब दार ठोठावत उभा नव्हता. आपल्याकडे तुलना करायची तर रणजीशी करा. खालच्या, म्हणजे प्लेट गटातून आलेल्या राजस्थानने २०१०-११ मध्ये रणजी करंडक जिंकला. त्या वर्षी प्लेट गटाला बाद फेरीचा रस्ता नसता तर तो करंडक दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात असता. इंग्लिश रग्बीत क्लब म्हणजे गावाची संस्था, तिच्या पोरांचे संघ रविवारी सकाळी त्याच मैदानावर खेळतात. कोव्हेंट्री, बेडफर्ड, ईलिंग या खालच्या श्रेणीतल्या क्लबांना कुणी लिलावात घेतलेलं नाही. त्यांना सांगायचंच असेल की तुम्ही कितीही जिंकलात तरी वर येणार नाही, तर निदान तसा ठराव करून सांगा. दर वर्षी त्यांच्या खुर्च्या मोजायला माणूस कशाला पाठवता?