सिंहीण सुटली, हत्तीण राहिली

मंडळी, सर्कस आपल्या बेळगाव भागाला नवी नाही. विष्णुपंत छत्रे पलीकडच्या कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. 1880 मध्ये त्यांनी सर्कस काढली आणि वाघ-सिंह पिंजऱ्यातच बघायची आपल्याला सवय लागली. त्या सवयीशी आयुष्यभर भांडलेल्या एका इंग्रज नटीबद्दल आज बोलतो. व्हर्जिनिया मॅकेना.

1966 च्या ‘बॉर्न फ्री’त तिनं जॉय अ‍ॅडमसनची भूमिका केली. पाळलेल्या एल्सा सिंहिणीला रानात सोडणारी ती जॉय. तिच्या नवऱ्याच्या, जॉर्जच्या भूमिकेत होता व्हर्जिनियाचा खरा नवरा, बिल ट्रॅव्हर्स. खरे जॉर्ज अ‍ॅडमसन शूटिंगला सल्लागार होते. पडद्यावरची सिंहीण सुटली. तिचं काम करणाऱ्या सिंहांपैकी बरेचसे मात्र प्राणिसंग्रहालयांत गेले. जॉर्जच्या हाती मोजकेच लागले, त्यांना त्यानं रानात राहायला शिकवलं. हे सिनेमात नाही.

आता हत्तिणीचं ऐका. केनियातच पुढच्या सिनेमात पोले पोले नावाचं पिल्लू होतं. केनिया सरकारनं ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला भेट द्यायचं ठरवलेलं. नवरा-बायको म्हणाली, आम्हाला विकत द्या. उत्तर आलं, देतो. पण मग भेटीसाठी दुसरं पिल्लू रानातून धरावं लागेल. दोघांनी नाद सोडला. माझ्या मते त्यांची कसोटी इथं लागली. आपलं पिल्लू वाचवायला दुसऱ्याचं देणारे ढिगानं मिळतात.

पुढं बऱ्याच वर्षांनी दोघं तिला लंडनला भेटायला गेली. हाक मारताच ती कुंपणापाशी आली, सोंड लांब केली. मोकळ्या जागेत हलवायचं ठरलं, त्या खटाटोपात ती जखमी झाली आणि 1983 मध्ये तिला मरण द्यावं लागलं. दुसऱ्याच वर्षी दोघांनी प्राणिसंग्रहालयांवर नजर ठेवणारी ‘झू चेक’ मोहीम सुरू केली, तिचंच पुढं बॉर्न फ्री फाउंडेशन झालं. बिलनं कॅमेरा घेऊन युरोपातली प्राणिसंग्रहालयं पालथी घातली: एकाच जागी डुलणारे हत्ती, पिंजऱ्याच्या गजांलगत त्याच चार पावलांवर फिरणारी अस्वलं. 1994 मध्ये तो गेला. बाईंनी काम थांबवलं नाही. युरोपातल्या सर्कशीतून सोडवलेले वाघ तर या संस्थेनं आपल्या बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टात आणले.

खानापूरकडची मंडळी मनात म्हणत असतील, हत्ती एकदा आमच्या भातात घालून दाखवा, मग बोला. रास्त आहे. पिकलेलं भात रातोरात तुडवलं गेल्यावर काय करायचं, याचं उत्तर बाईंच्या कामात शोधू नका. त्यांचं भांडण पिंजऱ्याशी. भीमगडच्या जंगलाकडेचा प्रश्न वेगळा आहे, तो नुकसानभरपाई वेळेवर मिळण्याचा आहे.

पिंजऱ्याचा प्रश्न मात्र आपल्या दारातलाच. रविवारी पोरांना घेऊन भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात जाताच ना? सिंह डरकाळी कधी फोडतो म्हणून खोळंबू नका. तो चालतो कुठून कुठं, तेवढं दहा मिनिटं बघा.