पानाच्या माथ्यावरची तारीख

नमस्कार, श्रोतेहो.

वडापाव बांधून आलेला कागद कधी सरळ करून पाहिलाय? छपाईची शाई अन्नाला लागू देऊ नका, असं अन्नसुरक्षावाले कितीतरी वर्षं कंठशोष करून सांगताहेत आणि आपण गरमागरम भजी त्याच कागदात घेतो. त्यावर एक वेगळं भाषण होईल. आज एवढंच, की तेलाने पारदर्शक झालेल्या त्या चिटोऱ्यावर पानाचा वरचा काठ आला असेल, तर तिथे एक बारीक ओळ दिसते. वर्तमानपत्राचं नाव, गाव, वार, तारीख, पान क्रमांक. ही ओळ पहिल्या पानावर असते तशीच आतल्या प्रत्येक पानावरही असते. पान सुटं झालं, फाटलं, रद्दीत गेलं, तरी बातमी कुठली आणि कधीची, हे त्या पानालाच विचारता येतं.

ठाण्यातून 'अरुणोदय' साप्ताहिक निघू लागलं १८६६ साली. त्याच्याही आधी मुंबईत 'दर्पण' निघालं, ६ जानेवारी १८३२ ला, आणि तीच तारीख आपण आज पत्रकार दिन म्हणून पाळतो. तेव्हापासून बातमी घराबाहेर पडायची ती तारीख कपाळावर लावूनच. मग इंटरनेट आलं, फोन हातात आला, आणि बातमी पानातून सुटून एकटी फिरायला लागली. सुटताना तिची तारीख मागे राहिली. आज मला बोलायचंय ते या मागे राहिलेल्या तारखेबद्दल. पुन्हा सांगतो, तारखेबद्दल. खोट्या बातम्यांवर सगळेच बोलतात. खरी बातमी शिळी होऊन आली की काय होतं, ते बघू.

त्यासाठी एक किस्सा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची एक सोसायटी. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक ऐकत असतील आणि पंपाचं बिल कोणी भरायचं हा वाद अजून मिटलेला नाही.

सात मजले, तीन विंग, ८४ फ्लॅट. खाली जमिनीत ५०,००० लिटरची टाकी, वर गच्चीवर मिळून ३०,००० लिटर. महापालिकेचं पाणी पहाटे साडेपाचला येतं, दोन तास चालतं, त्यात खालची टाकी भरते आणि पंप ते दिवसभर वर चढवतो. म्हणजे संध्याकाळ होता होता खालची टाकी तळाकडे गेलेली असते. हे तुमच्याकडेही असंच असेल.

एका गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला. "महत्त्वाची सूचना. शुक्रवारी सकाळी ९ ते शनिवारी सकाळी ९, २४ तास पाणीपुरवठा पूर्ण बंद. पाणी काटकसरीने वापरा. सर्वांना कळवा." खाली चार हात जोडलेले.

आता हा मेसेज खोटा नव्हता. महापालिकेचीच सूचना होती ती, फक्त आधीच्या वर्षीची. मूळ पत्रकात 'शुक्रवार, दि.' अशी पूर्ण तारीख होती, भागांची यादी होती, कोणत्या जलवाहिनीची दुरुस्ती तेही होतं. मधे कुणीतरी, लोकांना वाचायला सोपं जावं म्हणून, ते चार ओळींत बसवलं. वार ठेवला, तारीख उडवली. आणि शुक्रवार काय, दर आठवड्याला येतो.

काटकसरीने वापरा असं वाचून माणूस काय करतो? नळ सोडतो. बादल्या, पिंप, स्वयंपाकघरातली पातेली, कुकर, बाळाचा टब. घरटी २०० लिटर जादा धरा. ८४ गुणिले २०० म्हणजे १६,८०० लिटर, तेही दोन-अडीच तासांत, आणि रात्रीची रोजची भांडी-आंघोळी वेगळ्या. वर पाणी चढतंय त्याहून वेगाने खाली उतरतंय. साडेनऊला पाचव्या मजल्यावरून वॉचमनला फोन गेला, "काका, पंप चालूच ठेवा हं, वरती धार बारीक झालीय." काकांनी ठेवला चालू. एरवी गच्चीवरची टाकी भरली की पाणी ओसंडल्याचा आवाज येतो आणि ते पंप बंद करतात. त्या रात्री टाकी भरतच नव्हती, मग आवाज येणार कुठून?

खालच्या टाकीत एक फ्लोट स्विच असतो. पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की तो पंप आपोआप तोडतो. या सोसायटीतला फ्लोट मधेच अडकायचा म्हणून इलेक्ट्रिशियनने पावसाळ्यात तो बायपास केला होता, तात्पुरता. सोसायटीतला तात्पुरता म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. साडेदहाच्या सुमाराला पाणी फूटव्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाच्या, खाली गेलं आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागला. पंपाच्या शाफ्टभोवती एक सील असतं, दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, आणि त्यांना थंड ठेवतं ते पंपातलंच पाणी. पाणी नाही, म्हणजे चकत्या तापणार. वीस मिनिटांत जळका वास आला. काकांनी धावत जाऊन बटण दाबलं, पण सील तडकलं होतं. दुसरा पंप होता, तो दीड वर्ष दुरुस्तीच्या यादीत.

पहाटे साडेपाचला पाणी आलं. रोजच्यासारखं, भरपूर प्रेशरने. सात वाजता खालची टाकी भरली आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी गटारात जायला लागलं. वर सातही मजल्यांवर नळाला फक्त हवा. ज्यांनी रात्री पिंपं भरली ते निवांत, आणि जे ग्रुप म्यूट करून झोपले होते ते बादली घेऊन खाली. लिफ्टमध्ये पाणी सांडलं तर खड्ड्यात उतरेल म्हणून सेक्रेटरींनी लिफ्टमधून बादल्या न्यायला बंदी केलेली. त्यामुळे जिन्याने. सात मजले.

आठ वाजता ग्रुपवर जिन्यावरच्या बादलीवाल्यांचा फोटो आला. खाली लिहिलेलं, "बघा, मेसेज खरा होता. काही लोक उगाच शंका काढत होते."

किस्सा इथे संपला असता तर तो नुसता पाण्याचा राहिला असता. पण तो फोटो शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला, 'आमच्याकडे बंद झालंय, कन्फर्म' असं लिहून. तिथून एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलकडे. साडेदहाला बातमी लागली, 'घोडबंदर परिसरात पाणी ठप्प, नागरिक संतप्त', आणि फोटो तोच, जिन्यावर बादल्या घेऊन उभे असलेल्या लोकांचा. बाराच्या आत त्या बातमीचा स्क्रीनशॉट फिरून मूळ ग्रुपवर आला. आता तर पेपरातच आलं! प्लंबर आला दुपारी, सील बदललं, संध्याकाळी पाचला पंप सुरू झाला. पण तोवर माहितीचं वर्तुळ पूर्ण झालं होतं. शिळ्या मेसेजने पंप जाळला, जळालेल्या पंपाने मेसेज खरा ठरवला, आणि बातमीने त्याच्यावर शिक्का मारला.

एक गंमत तर शेवटपर्यंत कुणाच्या ध्यानात आली नाही. मेसेज अगदी ताजा असता, तरी बंद सुरू होणार होता सकाळी ९ ला. यांचं पाणी साडेपाचला येतं. म्हणजे शुक्रवारची टाकी भरणारच होती. रात्री एकही बादली भरायची गरज नव्हती.

आता, चूक कुठे झाली? पोर्टलच्या बातमीदाराने तीन गोष्टी विचारायला हव्या होत्या. पाणी कोणाचं? बंद कधीपासून कधीपर्यंत? सांगितलं कोणी? पहिला प्रश्न ठाण्यात फार महत्त्वाचा, कारण या शहराला एका ठिकाणाहून पाणी येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम प्राधिकरण आहे जे शहाडला उल्हास नदीतून पाणी उचलतं आणि टेमघरला शुद्ध करतं, कळवा-मुंब्रा-दिव्याकडे एमआयडीसी, आणि काही भागाला मुंबई महापालिकेचं पाणी. स्टेमचा शटडाउन असला तर एमआयडीसीच्या पाण्यावरच्या माणसाने बादली भरायचं कारण नाही. नवी मुंबईचं तर धरणच वेगळं, मोरबे. तरी ठाण्याचा मेसेज नेरुळला पोचतो आणि तिथेही पिंपं भरली जातात.

पूर्वीचा वार्ताहर हे कसं तपासायचा? तो व्हॉल्व्हमनला विचारायचा. प्रत्येक भागात महापालिकेचा एक माणूस असतो, लांब दांड्याची चावी घेऊन पहाटे व्हॉल्व्ह फिरवणारा. अधिकारी फोन उचलत नाहीत, व्हॉल्व्हमन चहाच्या टपरीवर भेटतो. "आज पाणी सोडलंत का?" "सोडलं की, साडेपाचला." एवढ्यावर ती बातमी मेली असती. पोर्टल चालवणारे आळशी असतात असं मी म्हणणार नाही. एकटा माणूस दिवसाला वीस-पंचवीस बातम्या टाकतो, व्हिडिओ तोच कापतो, जाहिरातही तोच आणतो. टपरीवर जायला त्याला वेळच नाही. वार्ताहराची दुचाकी गेली आणि बातमीतला व्हॉल्व्हमन गेला, असं माझं मत आहे.

फोनने पत्रकारितेचं नुकसानच केलं, असं मात्र नाही. २७ जुलै २०१९ आठवा. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पुरात अडकली, हजाराहून जास्त प्रवासी. चारी बाजूंनी पाणी, वार्ताहर तिथे पोचणार कसा? डब्यातल्या लोकांनी खिडकीतून काढलेले व्हिडिओ हीच पहिली बातमी होती, आणि 'गाडीतून उतरू नका' हे रेल्वेचं आवाहनही फोनवरच फिरत होतं. ते उपयोगी पडलं, कारण गाडी कोणती, जागा कोणती, वेळ कोणती, सगळं ठाऊक होतं.

तुमच्याकडे असा फोटो असला आणि तो वार्ताहराला पाठवायचा असला, तर एक करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि त्याच्या पोटातली माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, वेळ, चालू असेल तर ठिकाण, पुसून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ते सगळं शाबूत पोचतं. पुन्हा सांगतो, फोटो नको, डॉक्युमेंट. अर्थात ठिकाणही जातं त्यात, म्हणून ओळखीच्या वार्ताहरालाच.

सोसायटीच्या सेक्रेटरींसाठी आणखी थोडं. सूचना टाकताना पहिल्या ओळीत पूर्ण तारीख लिहा, वर्षासकट. 'उद्या', 'आज रात्री', 'येत्या शुक्रवारी' हे शब्द सूचनेत नकोत, कारण मेसेज कोण कधी वाचेल सांगता येत नाही. मूळ पत्रकाची लिंक द्या, स्क्रीनशॉट नको. कापताना तारीख कापली जाते ती स्क्रीनशॉटमध्येच. चुकलं तर मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण लोकांनी पुढे ढकललेल्या प्रतींत ती दुरुस्ती जात नाही. म्हणून नवा मेसेज टाका, 'आधीचा चुकीचा' असं लिहून, आणि तो २४ तासांसाठी पिन करा. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून आलाय. दोन बाण असलेली पाण्याची सूचना ग्रुपवर टाकण्याआधी एक फोन करा. आणि सकाळचे गुलाबपुष्पवाले मेसेज बंद करा हो. त्यांच्याखाली खरी सूचना गाडली जाते आणि लोक ग्रुप म्यूट करतात. ग्रुप म्यूट करून झोपलेले ते सकाळचे बादलीवाले आठवतात ना?

महापालिकेकडेही एक गाऱ्हाणं आहे. पूर्वी पत्रकं यायची जुन्या मराठी फॉन्टमध्ये, आपल्या संगणकावर उघडली की नुसती चिन्हांची जत्रा. आता युनिकोड आलं, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी नीट दिसतं, तरी कितीतरी पत्रकं सही-शिक्क्यासह स्कॅन करून टाकतात. स्कॅन म्हणजे चित्र. त्यातला 'पाणीपुरवठा' शब्द शोधून सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणूनच कुणीतरी बसून ते चार ओळींत टाइप करतो.

त्या घोडबंदरच्या सोसायटीत फ्लोट स्विच नवा बसलाय. लिफ्टशेजारी एक फळा लावलाय, त्यावर खडूने आधी तारीख लिहायची, मग सूचना. पोर्टलवरची ती बातमी मात्र अजून आहे. तारीख आहे तिला, शीर्षकाखाली करड्या बारीक अक्षरांत, स्क्रीनशॉट काढताना हमखास सुटेल अशी. दर उन्हाळ्यात कुणीतरी ती शोधून काढतं. गेल्या मे महिन्यात ती कळव्यातल्या ग्रुपवर फिरत होती. बादल्या त्याच, जिना तोच.

नमस्कार.