तळ्यावर सोडून दिलेली बदकं

मित्रहो, तळ्याच्या काठी एखादं पांढरंशुभ्र बदक एकटंच फिरताना दिसलं की बघणाऱ्याला छान वाटतं. मुलं त्याला पाव टाकतात, फोटो निघतात. ज्यानं ते तिथे आणून सोडलेलं असतं तोही समाधानानं घरी गेलेला असतो, कारण त्याच्या मते त्यानं बदकाला मोकळं केलंय. बदक आहे, पाणी आहे, आणखी काय हवं? आज मला बोलायचंय ते याच 'आणखी काय' बद्दल. कारण हा गैरसमज तळ्यावरच संपत नाही. बदक उचलून घरी आणणारी प्रेमळ माणसंही पाण्याच्याच बाबतीत फसतात.

आधी हा पक्षी कोण आहे ते बघू. मस्कोव्ही ही एक जात सोडली तर जगातली बहुतेक सगळी पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत. रानातलं मॅलार्ड साधारण एक किलोचं असतं. पेकिन नावाचं पांढरं बदक सहज साडेतीन-चार किलोंच्या घरात जातं, आणि पंख मात्र त्या मानानं वाढलेले नाहीत. माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करत ते मांसासाठी वजनदार केलं, खाकी कॅम्पबेल अंड्यांसाठी घडवलं, इंडियन रनर तर बाटलीसारखं उभं चालतं. यातलं कुणीच स्थलांतर करू शकत नाही. कुत्रं अंगावर आलं तर पेकिन धापा टाकत पळतं, उडत नाही. त्यातून रंग पांढरा, म्हणजे लपायचीही सोय नाही. मस्कोव्हीचं मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात आहे. त्याच्या माद्या चांगल्या उडतात, म्हणून त्यांचा हिशेब थोडा वेगळा. पण वाढलेले नर जड असतात, त्यांनाही जमिनीवरून उठणं अवघडच जातं.

सोडून का देतात? कारणं फार गूढ नाहीत. पिल्लू पिवळं, मऊ, हातात मावणारं असतं, म्हणून भेट म्हणून येतं. दोन महिन्यांत ते पूर्ण वाढतं. मादी असेल तर मोठ्यानं ओरडते, शेजारी तक्रार करतात. नर असेल तर अंडी देत नाही. आणि दोघंही दिवसभर पातळ विष्ठा टाकत राहतात, त्याबद्दल विकणाऱ्यानं काही सांगितलेलं नसतं. एकटं वाढलेलं पिल्लू तर माणसालाच आपलं मानतं. प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी ग्रेलॅग हंसांच्या पिलांवर हेच अभ्यासलं होतं, त्यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. तळ्यावर जे बदक प्रत्येक माणसाच्या मागे मागे चालतं त्याला लोक 'किती माणसाळलंय' म्हणतात. ते बहुधा आपलं माणूस शोधत असतं.

आता उचलण्याआधी एक सावधगिरी. उडत नाही म्हणजे पाळीवच, असं समजू नका. रानबदकांच्या पंखांची मोठी पिसं वर्षातून एकदा सगळी एकदम गळतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांनाही उडता येत नाही. पिलांना घेऊन फिरणारी रानबदकाची मादीही हाकलली तरी लांब जात नाही. अशांना हात लावायचा नाही. शरीर बोजड, पोट जमिनीकडे झुकलेलं, रंग पांढरा किंवा ठिपक्याठिपक्यांचा, माणसाची भीती नाही, आणि दिवसामागून दिवस त्याच काठाला, असं सगळं जुळत असेल तर मग विचार करा.

पकडायचं ते जमिनीवर. पाण्यात बदकाच्या मागे लागलात तर ते जिंकणार हे ठरलेलं आहे. रोज एकाच वेळी, एकाच जागी, पाण्यापासून जरा लांब खाणं द्यायचं आणि ती जागा हळूहळू आणखी आत सरकवायची. मग एक दिवस दोघातिघांनी जाळीच्या चौकटी हातात धरून पाण्याकडची वाट बंद करायची आणि सावकाश कोपऱ्यात न्यायचं. पाय धरून उचलायचं नाही, बदकाचे पाय शरीराच्या मानानं नाजूक असतात, सांधा निखळतो. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून धरायचं आणि मग काखेत घ्यायचं. दोघं-तिघं एकत्र राहत असतील तर शक्य तोवर सगळे एकाच दिवशी आणावेत. मागे राहिलेलं एकटं बदक नंतर फार बिचकतं.

घरी आधीची बदकं किंवा कोंबड्या असतील तर नव्याला महिनाभर वेगळं ठेवा. भांडी वेगळी, चपला वेगळ्या. बर्ड फ्लूचा विषाणू बदकाच्या अंगात असूनही बदक ठणठणीत दिसू शकतं. तळ्यावर पक्षी मरून पडलेले दिसले तर काहीच उचलायचं नाही, सरकारी पशुवैद्यकीय खात्याला कळवायचं. हात साबणानं धुवायचे. लहान मुलांना बदकाचे मुके घेऊ द्यायचे नाहीत. साल्मोनेला नावाचा जंतू बदकाला न छळता माणसाला छळतो.

पक्ष्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडे पहिल्या आठवड्यातच न्या. लंगडत असेल तर तळवे बघायला सांगा. कठीण, खरबरीत जमिनीवर वजनदार बदकाच्या तळव्याला जखम होते, जंतू आत शिरतात आणि काळी खपली असलेली गाठ तयार होते. तिला बंबलफूट म्हणतात. घरी सुरीनं उकरायच्या भानगडीत पडू नका. मान सैल, पाय ओढत चालणं, हिरवट विष्ठा असं दिसलं तर क्ष-किरण फोटो काढावा लागतो. बदक चिखलात चोच घालून चाळत खातं, त्यात नाणं, खिळा, तारेचा तुकडा, मासेमारीचं शिसं पोटात जातं. शिसं आणि जस्त दोन्ही विषारी.

आता पाणी. पाळीव बदकाला तलाव लागतोच असं नाही, पण डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल पाणी रोज लागतं. त्याशिवाय त्याला नाकपुड्या आणि डोळे धुता येत नाहीत. उथळ ताटलीतल्या पाण्यावर ठेवलेल्या बदकाचे डोळे चिकटू लागतात. शिवाय ते कोरडं खाणं घोट घोट पाण्याबरोबर गिळतं, म्हणून खाण्याजवळ पाणी नसेल तर घशात अडकतं. रात्री पाणी काढून घेणार असाल तर खाणंही काढा.

अंघोळीचं पाणी पिसांसाठी. पिसांचे बारीक धागे एकमेकांत अडकून घट्ट विणीसारखे बसलेले असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. शेपटीच्या मुळाशी तैलग्रंथी असते, तिचं तेल बदक चोचीनं पिसांना लावतं आणि ती लवचिक राहतात. अनेक महिने अंघोळ न मिळालेल्या, घाणीत बसलेल्या बदकाची ही वीण विस्कटते. असं बदक आणल्या आणल्या कुणीतरी कौतुकानं टबमध्ये सोडतं, आणि ते पाणी शोषून जड होतं, गारठतं, कधी बुडतंही. हो, बदक बुडतं. अशाला आधी उथळ, कोमट पाणी थोडा वेळ, मग कोरडी उबदार जागा, आणि दिवसेंदिवस वेळ वाढवत जायचं. पुढची पीसझड झाली की नवी पिसं चांगली येतात.

पिलांचंही तेच. आईविना वाढणाऱ्या पिलांच्या अंगावर सुरुवातीला पुरेसं तेल नसतं आणि आईच्या पंखाखाली सुकायची सोयही नसते. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३२ अंश ऊब हवी, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पोहणं काही मिनिटांचंच, तेही नजरेसमोर.

आणि मग येतो चिखल. दोन बदकं एका सकाळीत स्वच्छ टबाची डाळ करतात, हे पाळणाऱ्यांना सांगायला नको. म्हणून टब असा घ्या की जो तुम्हाला एकट्यानं उलटता येईल. खाली बूच असेल तर उत्तमच. तो उंचावर, खडीच्या थरावर ठेवा, म्हणजे पाणी झिरपून जाईल. हे पाणी झाडांना फार चांगलं. पण ते खळग्यात साचून उन्हात कुजू देऊ नका. कोमट, सडक्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात, आणि ते पोटात गेलं की बदकाची मानच उचलत नाही. उन्हाळ्यात तळ्यावरची बदकं एकाएकी मरतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणजे ज्या पाण्याच्या भरवशावर आपण त्यांना सोडतो, तेच पाणी.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाव बंद. पोट भरतं आणि पोषण शून्य. वाढत्या पिलांना अति उष्मांकाचं खाणं मिळालं तर पंखाचं टोक बाहेर वळतं, त्याला एंजल विंग म्हणतात. सुरुवातीला लक्षात आलं तर पट्टी बांधून सुधारतं, मोठेपणी नाही. बदकाच्या पिलांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिलांपेक्षा बरंच जास्त लागतं. नुसतं कोंबडीचं खाद्य दिलं तर पाय वाकडे होतात. बदकांचं खाद्य मिळालं नाही तर त्यात ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली यीस्टची पूड, मिसळा. अंडी देणाऱ्या मादीला शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, तिला हवा तेवढा ती खाते. अ‍ॅव्होकाडो अजिबात नाही.

रात्री बंद खुराडं, अपवाद नाही. साधी षटकोनी कोंबडीजाळी बदकाला आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती फाडतं, उंदीर खालून येतो. जाड, वेल्डिंगची बारीक जाळी घ्या आणि ती जमिनीतही पुरा. बदकं मात्र आपल्या परीनं पहारा देतच असतात. १९९९ मध्ये मॅलार्डवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं की ओळीच्या टोकाला झोपलेलं बदक बऱ्याचदा बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं आणि अर्ध्या मेंदूनंच झोपतं. मधली बहुतेक वेळ दोन्ही डोळे मिटून झोपतात. एकट्या बदकाला मधली जागा मिळतच नाही, म्हणून एकच बदक पाळू नये असं मी आग्रहानं सांगतो.

पण दोन कोणती, हा प्रश्न उरतोच. मॅलार्डच्या वंशातल्या नराच्या शेपटीवर एकदोन पिसं वर कुरळी वळलेली असतात आणि आवाज घोगरा, दबका असतो. खणखणीत ओरडते ती मादी. एका नरामागे किमान तीन-चार माद्या हव्यात, नाहीतर माद्यांच्या मानेवरची आणि पाठीवरची पिसं उपटली जातात, जखमा होतात, पाण्यात दाबून धरल्यानं जीवही जातो. आणि नर बदक कोंबड्यांमध्ये सोडू नका. त्याचं लिंग बाहेर येणारं असतं, कोंबड्याचं तसं नसतं, आणि त्यानं कोंबडी आतून फाटून मरू शकते. हे सांगायला संकोच वाटतो, पण न सांगितल्यानं कोंबड्या मेल्या आहेत.

अंड्यांसाठी सगळ्यांना माद्या हव्यात, आणि उबवलेल्या पिलांत साधारण निम्मे नर निघतात. तळ्यावर येऊन पडतात ते बरेचसे हेच. म्हणून घरची अंडी रोज उचला, उबवायला ठेवू नका. राहिला प्रश्न आलेल्या नरांचा. माद्या नजरेला पडत नसतील तर चार-पाच नर एकत्र गुण्यागोविंदानं राहतात. वसंतात थोडी धक्काबुक्की होते, तेवढीच. आवाज कमी, शेजाऱ्यांची तक्रार नाही, अंडं अडकण्याची दुखणी नाहीत. नीट सांभाळलं तर आठ-दहा वर्षं जगतील हे मात्र आधीच धरून चाला. इथे बसलेल्यांपैकी कुणाकडे कुंपणाची जागा, नळ आणि रोज टब उलटायची तयारी असेल, तर पहिल्यांदा नरांबद्दलच विचारा.