ताप उतरला, पण हजेरी कधी?

श्रोतेहो, नमस्कार. पावसाळ्यात ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये खोकणारे प्रवासी बरेच असतात, आणि त्यांतले काही जण उतरून थेट एखाद्या रुग्णालयात पाळीवर हजर होतात. परिचारिका, डॉक्टर, सफाई करणाऱ्या मावशी किंवा स्ट्रेचर नेणारे मामा, यांपैकी कोणीही विषाणूच्या आजारातून उठल्यावर कामावर कधी परतावे, याविषयी आज बोलायचे आहे.

फ्लूच्या बाबतीत सर्वसाधारण नियम असा, की तापाचे औषध न घेता किमान २४ तास ताप आलेला नसावा. यातले ‘औषध न घेता’ हे शब्दच सोयीस्करपणे विसरले जातात. सकाळी पॅरासिटॅमॉल घेऊन आलेल्याचा ताप थर्मामीटरला दिसत नाही. परंतु त्या गोळीने विषाणू मरत नाही, आणि दुपारी तिचा परिणाम ओसरतो तेव्हा तो कर्मचारी एखाद्या रुग्णाच्या उशाशी उभा असतो. खोकला पुढेही रेंगाळतो, म्हणून कामावर आल्यावर मास्क हवाच. अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या, म्हणजे प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या रुग्णांच्या विभागात मात्र लक्षणे सुरू झाल्यापासून ७ दिवस किंवा लक्षणे पूर्ण जाईपर्यंत, यांपैकी जे उशिरा असेल तोवर जाऊ नये, हे शहाणपणाचे.

कोविडसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने सौम्य व मध्यम आजारात १० दिवसांची, आणि परतण्याआधीच्या ४८ तासांतील चाचणी निगेटिव्ह असल्यास ७ दिवसांची मुदत सांगितली. तीही ताप जाऊन २४ तास झाले असतील आणि बाकीची लक्षणे कमी होत असतील तरच.

नोरोविषाणूमुळे उलट्या-जुलाब झाले असतील, तर ते थांबल्यानंतर ४८ तास घरीच राहावे, कारण पोट शांत झाल्यावरही विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहतो. येथे सॅनिटायझरवर विसंबू नये; साबण आणि पाणीच लागते. कांजिण्यांत सर्व फोड सुकून खपल्या धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस आणि गालगुंडात गाल सुजल्यापासून ५ दिवस रजा घ्यावी. डेंगी माणसाकडून माणसाला थेट होत नाही. तिथे प्रश्न स्वतःच्या ताकदीचा असतो, आणि रात्रपाळी लगेच घेऊ नये.

हे सारे माहीत असूनही लोक आजार लपवतात. कंत्राटी मावशीचा गैरहजेरीचा रोज कापला जात असेल, तर ती गोळी घेऊन येणारच, आणि तो दोष मला तरी तिचा वाटत नाही. पगारी आजारपणाची रजा हा संसर्ग रोखण्याचाच भाग मानला पाहिजे, आणि तो कायम नोकरीतल्यांपुरता ठेवून भागणार नाही, कारण विषाणू नेमणूकपत्र पाहत नाही.

तोपर्यंत निदान इतके करावे, की ताप, पुरळ किंवा जुलाब दिसताच आपल्या प्रमुख परिचारिकेला घरूनच फोन करावा. वॉर्डात पोहोचून सांगू नये.