नव्या विमानांचा हवामान-हिशेब

नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात हयात घालवलेली बरीच मंडळी समोर बसली आहेत, त्यामुळे विमान कसं उडतं हे मी सांगत बसणार नाही. नवं इंजिन किंवा नवं इंधन आलं की ‘हवामानावरचा परिणाम इतके टक्के घटेल’ असं जाहीर होतं. तो आकडा काढताना हिशेब कुठून कुठपर्यंत धरला, हे आपण विचारायलाच हवं, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

बॅटरीवरचं विमान घ्या. उडताना धूर नाही, हे खरं. पण ते ओझरला चार्ज करायचं तर वीज कुठली? देशातली निम्म्याहून बरीच जास्त वीज अजून कोळशावर होते. एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या तुम्ही रोज बघता. शिवाय किलोभर केरोसीनमध्ये सुमारे १२ किलोवॅट-तास ऊर्जा असते, तर आजच्या बॅटरीत किलोमागे जेमतेम पाव. त्यामुळे ही विमानं छोट्या पल्ल्यापुरतीच राहतात, आणि इंधन तर मुख्यतः लांबच्या पल्ल्यात जळतं.

उसाच्या अल्कोहोलपासून विमानाचं इंधन करता येतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं शाश्वत इंधन २०२७ साली १ टक्का आणि २०३० पर्यंत ५ टक्के मिसळायचं, असं आपल्या सरकारचं उद्दिष्ट आहे. जळताना निघणारा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून ते चांगलं. पण निफाडच्या शेतात युरिया पडला की मातीतून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून जास्त तापवतो. उसाच्या पाण्याचं काय? गोदावरीच्या पाण्यावरून आपलं आणि मराठवाड्याचं दर दुष्काळात वाजतं. तेलाच्या टाकीपासून मोजायला सुरुवात केली, तर यातलं काहीच हिशेबात येत नाही.

आता आकाशातलं बघू. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. किलोभर केरोसीन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सव्वा किलोच्या आसपास पाणी बाहेर पडतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, उणे चाळीसच्या खालच्या थंडीत, ही वाफ काजळीच्या कणांवर गोठते आणि विमानामागे पांढरी रेघ उमटते. तिला कॉन्ट्रेल म्हणतात. हवा कोरडी असेल तर रेघ दोन मिनिटांत विरते. दमट असेल तर ती पसरते, तिचा विरळ ढग होतो आणि जमिनीची उष्णता अडवत तासन्‌तास तरंगत राहतो. दिवसा तो थोडं ऊन परतवतो तरी. रात्री मात्र नुसता तापवतो. विमानवाहतुकीच्या आजवरच्या तापवण्यात कार्बन डायऑक्साइडखेरीजच्या गोष्टींचा वाटा दोन तृतीयांशाच्या घरात असल्याचा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अनिश्चितता मोठी आहे, पण म्हणून तो वाटा शून्य धरणं चूकच.

हायड्रोजनमध्ये कार्बन नाही, काजळीही नाही. पण तेवढ्याच ऊर्जेला वाफ अडीचपटीहून जास्त. जास्त कार्यक्षम इंजिनाचा झोत थंड असतो, त्यामुळे इंधन वाचतं खरं, पण रेघ थोड्या कमी उंचीवरही उमटू लागते. एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूला किती खर्च होते, हे दोन्ही रकाने एकत्र मांडल्याशिवाय कळत नाही.

आणि हे रकाने जोडणंही सोपं नाही. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं मुरून बसतो, कॉन्ट्रेल संध्याकाळपर्यंत गायब. वीस वर्षांचा काळ धरला तर कॉन्ट्रेल भारी ठरते, शंभर वर्षांचा धरला तर कार्बन. कोणता काळ धरला हे न सांगता दिलेला टक्का मी मानत नाही.

रेघांचा बहुतेक ताप थोड्याच उड्डाणांमुळे होतो. ती दमट थरातून जरा खाली-वर वळवली तर थोडंसं इंधन जास्त जाईल. मात्र तो थर नेमका कुठे आहे याचा अंदाज चुकला, तर रेघही टळणार नाही आणि जादा कार्बन मात्र शेकडो वर्षं राहील. म्हणून पैसे कुठे घालावेत असं मला विचाराल, तर उंचावरची आर्द्रता नीट मोजणारी यंत्रं आधी प्रवासी विमानांवर बसवा, असं मी सांगेन.