गव्हाच्या पिशवीवर शास्त्रज्ञाचं नाव का नसतं?

नमस्कार मंडळी, नाशिकहून बोलतोय, आणि आज आधी एक वस्तू दाखवतो, मग विषयाकडे येऊ.

(टॅग कॅमेऱ्याजवळ)

हा गव्हाच्या बियाण्याच्या पिशवीला शिवलेला टॅग. निळा आहे, म्हणजे प्रमाणित बियाणं. पांढरा असता तर त्याच्या आधीच्या पिढीचं, पायाभूत; पिवळा असता तर सगळ्यात मूळचं, पैदासकार. फोकस होतोय का... हां, आता झाला. ह्याच्यावर पीक लिहिलंय, जात लिहिलीय, लॉट नंबर आहे, टेस्टची तारीख आहे. जात आहे एनआयएडब्ल्यू ९१७, म्हणजे आपलं तपोवन. आता मला सांगा, ही जात तयार कोणी केली? माणसाचं नाव सांगा, संस्थेचं नको.

नाही ना येत? टेन्शन घेऊ नका, मी निफाड तालुक्यातल्या भल्याभल्या शेतकऱ्यांना विचारलंय, "विद्यापीठाचं वाण आहे" एवढंच उत्तर मिळतं. आणि ते बरोबरच आहे. निफाडजवळ कुंदेवाडीला गव्हाचं संशोधन केंद्र आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. नंबरातलं एनआय म्हणजे निफाडच. तिथून निघालेल्या जातींची नावं ऐका: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. अख्खी नाशिक दर्शनची बस झाली की ही. घाटाला नाव मिळालं, नदीला मिळालं, पण ज्यांनी उन्हात उभं राहून ती जात काढली त्यांचं नाव तुमच्या-माझ्यापर्यंत पोचलंच नाही.

तर आजचा विषय हाच आहे, की संशोधकाचं काम ओळखायचं कसं, त्याचं करिअर मोजायचं कसं, आणि ही जी पुरस्कार, रँकिंग, स्कोअर वगैरे सिस्टीम आहे ती कोणाला पकडते आणि कोणाला सरळ सोडून देते.

आधी गव्हाचंच पूर्ण करतो, कारण हे काम नक्की काय असतं ते बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गव्हाचं फूल स्वतःच स्वतःचं परागीकरण करतं, त्यामुळे दोन जातींचा संकर करायचा तर ओंबीतल्या एकेका बारक्या फुलातून चिमट्याने तीन पुंकेसर काढावे लागतात, आणि तेही ते पिकायच्या आत, एक राहिला तरी मेहनत वाया. मग त्या ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची, तिच्यावर तारीख आणि नंबर टाकायचा, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचे परागकण आणून सोडायचे. अशा शेकडो ओंब्या. त्यातून जे दाणे मिळतील ते पुढच्या हंगामात पेरायचे, आणि मग पिढ्यानपिढ्या निवड, तांबेरा रोग कुठल्यावर येतो, उशिरा पेरलं तर दाणा किती भरतो, चपाती कशी होते. त्यानंतर वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या. एक जात बाहेर यायला सहज दहा-बारा वर्षं जातात, म्हणजे सुरुवात करणारा माणूस मधेच बदलीवर जातो नाहीतर रिटायर होतो आणि जात जाहीर होते तेव्हा खुर्चीवर तिसराच कोणीतरी असतो.

आता ह्या माणसाचा तुम्ही पेपर, म्हणजे छापलेला शोधनिबंध, शोधायला गेलात तर दोन-चार सापडतील, तेही फार कोणी साईट न केलेले. साईट करणं म्हणजे दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा संदर्भ देणं. आणि इथेच तो फेमस एच-इंडेक्स येतो.

एच-इंडेक्स २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या फिजिसिस्टने काढला. हिशोब सोपा आहे, तुमचे दहा पेपर असे असतील की प्रत्येकाला किमान दहा वेळा कोणीतरी साईट केलंय तर तुमचा एच-इंडेक्स १०. वीस पेपर किमान वीस-वीस वेळा, तर २०. आयडिया वाईट नाही, एकच पेपर गाजला म्हणून आकडा फुगत नाही आणि नुसते ढीगभर पेपर छापले म्हणूनही फुगत नाही. गडबड कुठे होते, तर हा आकडा घेऊन लोक एका शाखेचा माणूस दुसऱ्या शाखेच्या माणसाशेजारी उभा करतात. गणितात पेपर कमी निघतात आणि त्यांना साईट करणारेही कमी, तिकडे वैद्यकीय संशोधनात एका विषयावर जगभर हजारो लोक लिहीत असतात. लासलगावात कांद्याला जो भाव निघाला त्यावरून पिंपळगावच्या द्राक्षवाल्याला नापास करण्यासारखं आहे ते. खुद्द हिर्शने पहिल्याच पेपरमध्ये लिहून ठेवलंय की एका आकड्यावरून माणसाचं पूर्ण चित्र कळत नाही, पण ते वाक्य कोण वाचतंय, सिलेक्शन कमिटीला आकडा हवा असतो कारण आकडा फाईलमध्ये बसतो.

अजून एक गंमत, पेपरवर नावं कुठल्या क्रमाने लावायची. बायोलॉजीत, मेडिकलमध्ये पहिलं नाव म्हणजे बहुतेकदा ज्याने प्रत्यक्ष राबून काम केलं तो, आणि शेवटचं नाव लॅबच्या प्रमुखाचं, म्हणजे शेवटचं असणं हा तिथे मान आहे. गणितात सरळ आडनावाच्या अक्षरानुसार लावतात, त्यामुळे तिथे आपटे कायम पुढे आणि वाघ कायम मागे, त्याला काही अर्थच नाही. आता गणितवाल्या वाघ मॅडमचा सीव्ही एखाद्या बायोलॉजीवाल्या साहेबांच्या हातात पडला तर? आणि पार्टिकल फिजिक्समध्ये तर क्रमाचा प्रश्नच संपतो. २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन ह्या कणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला, त्याचे लेखक किती, तर ५,१५४. पेपर ३३ पानांचा, त्यातली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. त्यात कोणी डिटेक्टरची वायरिंग केली, कोणी सॉफ्टवेअर लिहिलं, कोणी वर्षानुवर्षं रात्रपाळीत मशीनवर लक्ष ठेवलं, यादीत सगळे एका ओळीत. आणि नोबेलचा नियम असा की एका पुरस्कारात जास्तीत जास्त तीन माणसं. उरलेल्या पाच हजारांनी काय करायचं?

म्हणून आता पेपर छापणाऱ्या बऱ्याच जर्नल्समध्ये नावापुढे काम लिहायची पद्धत आलीय, आयडिया कोणाची, डेटा कोणी गोळा केला, सॉफ्टवेअर कोणाचं, लिहिलं कोणी, अशा एकूण १४ भूमिका ठरवल्यात. मला विचाराल तर कुठल्याही नव्या पुरस्कारापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. आणि दुसरी म्हणजे ऑर्किड, फुलाचं नाही हो, संशोधकाचा १६ आकडी नंबर, २०१२ पासून सुरू आहे, फुकट मिळतो. आपल्याकडे त्याची गरज किती आहे बघा, "एस. आर. पाटील" टाकून पेपर शोधा एकदा, कांदा, कॅन्सर, काँक्रीट सगळ्यावर एकाच पाटलाने लिहिलंय असं वाटेल. त्यात लग्नानंतर आडनाव बदललं की बाईचं अर्धं करिअर एका नावावर आणि अर्धं दुसऱ्या. नाशिकमधली जी पीएचडीची पोरं-पोरी हे बघतायत त्यांनी व्हिडिओ पॉज करून आधी तो नंबर काढा.

बरं, आता एक माणूस सांगतो, ज्याच्याबद्दल वाचल्यापासून माझं डोकं ह्या विषयात अडकलंय. शंभूनाथ डे, कोलकात्याचे डॉक्टर. कॉलरा कसा मारतो हा प्रश्न जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या काळापासून म्हणजे १८८४ पासून लोंबकळत होता, कॉखला संशय होता की जंतू काहीतरी विष सोडतो, पण दाखवता कोणाला येईना. डे यांनी काय केलं, सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून दोऱ्याने बांधून बंद केला आणि त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तर तो भाग पाण्याने टम्म फुगला. मग पुढची पायरी, आणि ही खरी हुशारी, त्यांनी जंतू गाळून टाकले आणि ते ज्यात वाढले होते ते नुसतं पाणी आत सोडलं, तरीही आतडं फुगलं. म्हणजे विष आहे, आणि ते आतड्यातच काम करतं. १९५९ मध्ये नेचर ह्या जर्नलमध्ये हे छापून आलं. साधी साधनं, कोलकात्यातली लॅब, आणि पंचाहत्तर वर्षांचा प्रश्न निकालात.

ह्या माणसाला आपल्या देशाने जिवंतपणी एकही मोठा पुरस्कार दिला नाही. ना पद्म, ना विज्ञानातला भटनागर पुरस्कार. १९७३ ला ते रिटायर झाले. १९७८ मध्ये नोबेल फाउंडेशनने कॉलऱ्यावर एक परिसंवाद घेतला त्यात त्यांना मानाने बोलावलं, नोबेल मिळालेल्या जोशुआ लेडरबर्ग यांनी तर त्यांचं नाव नोबेलसाठी एकापेक्षा जास्त वेळा सुचवलं होतं. १९८५ मध्ये डे गेले. आपल्याकडच्या करंट सायन्स ह्या जर्नलने त्यांच्यावर खास अंक काढला तो १९९० मध्ये.

आणि त्याच आजारातली, त्याच बंगालमधली दुसरी गोष्ट. १९७१, बांगलादेश युद्ध, बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पुड्या बांधल्या, पाण्यात घालून नातेवाईकांनीच पेशंटला पाजायचं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. आज मेडिकलमध्ये जे ओआरएस मागता त्याचं मूळ हेच. महालनबीस गेले ऑक्टोबर २०२२ मध्ये, आणि पद्मविभूषण जाहीर झालं जानेवारी २०२३ मध्ये. पन्नास वर्षं वेळ होता हो, तीन महिने उशीर झाला.

मग पुरस्कार बंद करायचे का, तर नाही, तसं माझं म्हणणं नाहीये. पण कुठला पुरस्कार कोणासाठी बनलाय ते बघा. भटनागर पुरस्कार १९५८ पासून होता, अट वय ४५ च्या आत, आणि शाखा होत्या सात: जीवशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, वैद्यकीय, इंजिनिअरिंग आणि पृथ्वीविज्ञान. ह्यात शेती कुठेय? स्वतंत्र शाखा नव्हतीच, शेतीचे पुरस्कार वेगळ्या दारातून. नोबेलमध्येही शेती नाही, म्हणून गव्हाच्या भरघोस पिकणाऱ्या जाती काढणाऱ्या नॉर्मन बोरलॉग साहेबांना १९७० मध्ये नोबेल मिळालं ते शांततेचं. आणि वय ४५ ची अट गव्हाच्या माणसाला लावून बघा, पहिली जात बाहेर पडेपर्यंतच पंचेचाळिशी येते. आता त्याच्या जागी राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आलेत, पहिले २०२४ मध्ये दिले गेले, त्यात शाखा १३ केल्या, शेती त्यात आहे. पूर्ण कारकिर्दीसाठी विज्ञान रत्न, ४५ च्या आतल्यांसाठी विज्ञान युवा, आणि टीमसाठी वेगळा पुरस्कार, जो पहिल्या वर्षी चांद्रयान-३ च्या टीमला मिळाला. टीमचा पुरस्कार ही मला सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते.

आणि २०२५ चं विज्ञान रत्न कोणाला, तर जयंत नारळीकर सरांना, मरणोत्तर. सर मे महिन्यातच गेले होते. नाशिककरांना नारळीकर म्हटलं की डिसेंबर २०२१ चं आडगावचं साहित्य संमेलन आठवतं, सर अध्यक्ष होते, तब्येतीमुळे येऊ शकले नाहीत, आणि आपल्याकडे चर्चा कशाची, तर आले का नाहीत ह्याचीच जास्त. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडते: बिग बँगबद्दल ते शेवटपर्यंत शंका घेत राहिले, बहुतेक खगोलशास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूला होते, तरी ते पेपर लिहून, गणित मांडून भांडत राहिले. शिवाय पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. ह्यातलं एच-इंडेक्समध्ये काय येतं? थोडे पेपर येतात. संस्था येत नाही, आणि दहावीत त्यांचं पुस्तक वाचून सायन्सला गेलेलं पोरगं तर अजिबात येत नाही.

आता कामाचं, कारण "सिस्टीमच खराब आहे" म्हणून व्हिडिओ संपवायला मला आवडत नाही. पद्म पुरस्कारासाठी कोणीही कोणाचंही नाव सुचवू शकतं, तुम्हीसुद्धा. सरकारचं राष्ट्रीय पुरस्कार पोर्टल आहे, तिथे ऑनलाइन फॉर्म. सरकारी नोकरीत असलेल्यांना पद्म चालत नाही, पण त्यात डॉक्टर आणि शास्त्रज्ञ ह्यांना सूट आहे, हे फार लोकांना माहीतच नाही. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त ८०० शब्दांत त्या माणसाचं काम लिहायचं असतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे. बहुतेक लोक तिथे "थोर", "ज्येष्ठ", "अविरत सेवा" असं सत्काराच्या पत्रिकेतलं लिहितात. ते नका लिहू. आधी काय प्रश्न होता ते लिहा, ह्यांनी नक्की काय केलं, कोणत्या वर्षी, त्याआधी काय होत होतं आणि नंतर काय बदललं, आणि टीम असेल तर त्यात ह्यांचा वाटा कोणता. गव्हाचा माणूस असेल तर पेपर मोजत बसू नका, जात कुठल्या पेरणीसाठी आहे, किती वर्षं टिकली, तांबेऱ्याला कशी उभी राहिली ते लिहा.

आणि लिहून झाल्यावर सबमिट करायच्या आधी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला दाखवा, शक्यतो फिल्डवर काम केलेल्या असिस्टंटला, कारण साल आणि प्लॉट नंबर त्यांच्याच लक्षात असतात. पोर्टलची लिंक खाली दिलीय. कुंदेवाडीला किंवा कुठल्याही केंद्रावर काम केलेलं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांची जात कोणती आणि काम काय एवढं कमेंटमध्ये टाका, फोन नंबर मात्र टाकू नका.