श्यामनं कोणाला सांगायचं?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

साडेतीनचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू होतोय, म्हणजे आपलं मंडळ ठणठणीत आहे. बाहेर केव्हाच काळोख झालाय, त्यामुळे उशीर झाल्यासारखं कोणालाच वाटत नाही. ही स्टॉकहोमच्या नोव्हेंबरची कृपा. समितीनं मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय, ‘माझ्या लहानपणीचा सिनेमा’. हाच विषय महिन्यापूर्वी दिला असता तर मी फार गोड बोलले असते.

सिनेमा अर्थातच ‘श्यामची आई’. आमच्या ठाण्याच्या चाळीत टीव्ही एकच, समोरच्या काकूंकडे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत आम्ही मांडीला मांडी लावून. काकूंनी टीव्हीला निळी काच लावली होती, डोळ्यांना त्रास नको म्हणून. त्यामुळे माझ्या आठवणीतली श्यामची आई कायम निळी आहे. शेवटाकडे सगळ्या बायका पदर तोंडात धरून बसायच्या. माझी आईही रडायची. घरी परतल्यावर तिच्या अंगात पंधरा मिनिटं श्यामची आई असायची. सोळाव्या मिनिटाला ती माझीच आई व्हायची आणि गणिताची वही मागायची.

तर आजच्या मेळाव्यात आपली मुलं ‘छडी लागे छम छम’वर नाचणार आहेत. दरवर्षी नाचतात. मागच्या वर्षी नाचली, त्याच्या मागच्या वर्षी नाचली. आपल्याकडे मुलांची गाणी संपली की काय, असा मला प्रश्न पडतो, पण गाणं निवडणाऱ्या समितीत मीच आहे, तेव्हा असो. या वर्षी माझी नात पहिल्यांदा नाचात आहे. आठ वर्षांची आहे. तालमीवरून येताना ट्रेनमध्ये मला म्हणाली, “आज्जी, मास्तर मारतात आणि मुलं नाचतात का?”

मी सांगितलं, अगं, ती मास्तरांची टवाळी करतायत. तिला काही पटेना. मग मी ठरवलं, हिला अख्खा सिनेमाच दाखवू. चिरंजीव म्हणाले, २०२३चा नवा आहे, तो दाखव. तोही कृष्णधवलच आहे, पण मला माझाच दाखवायचा होता. १९५३चा, अत्र्यांचा. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. आमच्या ह्यांनी चकली काढली. आणि मी सुरू झाले. सिनेमाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पहिलंवहिलं. गाणी वसंत देसायांची, ज्यांच्या ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ आणि ‘हमको मन की शक्ति देना’वर आम्ही शाळेच्या रांगेत डुलक्या काढल्या. आणि ही आई, ती मूळची ग्वाल्हेरची बरं का, वनमाला. ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर नायिका होती, अख्खा देश तिच्या डोळ्यांवर फिदा. सूनबाई म्हणाली, “आई, सिनेमा ऐकू येत नाहीये.”

‘भरजरी गं पितांबर’ नातीला आवडलं. कृष्णाचं बोट कापलं, सुभद्रेला शालू-पैठणी फाडवेना, द्रौपदीनं मात्र अंगावरचं भरजरी फाडलं, हे सगळं मी साभिनय सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, “घरात प्लोस्तर नव्हतं?” प्लोस्तर म्हणजे स्वीडिशमध्ये जखमेवरची चिकटपट्टी. आम्ही सगळे हसलो. मला वाटलं, संध्याकाळ सार्थकी लागली.

मग पोहण्याचा प्रसंग आला. तुम्हाला तो सांगायला नको. श्याम पाण्याला घाबरतो, विहिरीवर जायला तयार नाही, आणि आई त्याला मारते. आपण सगळे त्या प्रसंगात आईच्या बाजूनं बघत आलोय. तिच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा आपल्या डोळ्यांत येतं. लोकांनी माझ्या मुलाला भित्रा म्हणू नये, यासाठी ती मारते, हे आपल्याला पाठ आहे. मी नातीकडे बघत होते, हिचे डोळे भरतात का म्हणून. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “श्यामनं आता कोणाला सांगायचं?”

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणजे, तिच्या शाळेत शिकवलंय की घरात कोणी मारलं तर मोठ्या माणसाला सांगायचं. बाईंना सांगायचं, नर्सला सांगायचं. फोन करायचा असेल तर ११६ १११. तिला तो नंबर पाठ आहे. शुभंकरोति अजून नाही, ते काम माझ्याकडे आहे. तर मास्तरांना सांगावं, तर मास्तरांकडे छडी. घरी सांगावं, तर आईनंच मारलंय. मग श्यामनं जायचं कुठे? आठ वर्षांची मुलगी, हातात अर्धी चकली, आणि तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

मी म्हटलं, “अगं, ती प्रेमानं मारते.”

हे वाक्य मी आयुष्यात शंभरदा बोलले असेन. त्या दिवशी ते खोलीत नुसतं लटकत राहिलं. आणि सोफ्याच्या त्या टोकाकडून चिरंजीव म्हणाले, “आई, हातमोजे आठवतात?”

आता मला तुम्हाला हातमोजे सांगावे लागणार. आम्ही इथे आलो १९९४ साली. या देशात मुलांवर हात उगारायला आईबापांनाही बंदी १९७९पासून, जगात सगळ्यांत आधी. लोकांना कळावं म्हणून त्यांनी तेव्हा दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली होती. आम्ही आलो तोवर ते दूध संपलं होतं, आणि खोकं मिळालं असतं तरी मला वाचता आलं नसतं. पण कायदा मला माहीत नव्हता असं मी म्हणणार नाही. चांगला माहीत होता. आलेल्या पहिल्या आठवड्यात एका मराठी बाईनंच कानात सांगितलं होतं. मारू नका, असं ती म्हणाली नव्हती. जपून, असं म्हणाली होती.

मुलगा नऊ वर्षांचा. डिसेंबर महिना, एकट्याचा पगार, आणि त्यानं हातमोज्यांची तिसरी जोडी हरवली. माझ्या हातात उलथनं होतं. दोन मारले. मग त्याच्यासमोर बसून मी म्हटलं, “शाळेत बोलायचं नाही. पोलीस येतील आणि बाबांना घेऊन जातील.” मारलं मी, आणि पोलीस नेणार बाबांना! हे तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी पेपर थोडा वर घेतला.

मी हे पार विसरले होते. चिरंजीव विसरले नव्हते. उलथन्याचं फार काही नाही, म्हणाले. “पण मी वर्षभर, दाराची बेल वाजली की बाबांकडे बघायचो.”

त्यानंतर आमच्या घरी जे झालं ते संपादित केलेलं बरं. मी म्हटलं, आम्ही काय कमी केलं तुमच्यासाठी. मी म्हटलं, आमच्या आईनं आम्हाला फोडून काढलं, आम्ही काय बिघडलो? हे दुसरं वाक्य म्हणताना माझा आवाज इतका चढला होता की, काय बिघडलं ते सगळ्यांना नीट ऐकू गेलं. सिनेमा अर्धाच राहिला. चकल्या मऊ पडल्या.

मला तो सिनेमा अजून आवडतो, हे इथे उभी राहून सांगते. दुसऱ्या दिवशी मी एकटीनं पुरा बघितला आणि शेवटी पदर नव्हता म्हणून स्वेटरची बाही तोंडात धरली. त्या बाईची गरिबी, तिचा मान, सगळं खरं आहे. पण आपण तिला काय करून ठेवलंय? आपल्या घरात मूल उलटून बोललं की ‘श्यामची आई दाखवा त्याला’. म्हणजे श्याम कसा ऐकायचा ते कळेल. ती सगळ्यांत आधी स्वतःच्या पोटाला चिमटा घ्यायची, ते आपण मुलांना दाखवतो, स्वतः बघत नाही. आणि हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या घरांत हातमोजे आहेत. चहाच्या वेळी मला येऊन सांगा, नाहीतर मुलांना विचारा. विचारायला धीर लागतो, मला अजून सगळं विचारवलेलं नाही.

नाच ठेवायचा की काढायचा, यावर समितीत दोन फोन झाले. ठेवलाय. छडी पुठ्ठ्याची आहे आणि मास्तर झालेला मुलगा इतका गोड आहे की त्याला कोणी घाबरणार नाही. नातीला मी म्हटलं होतं, नको वाटत असेल तर नाचू नकोस. ती म्हणाली, स्टेप्स पाठ झाल्यात.

आज सकाळी वेणी घालताना तिनं पुन्हा विचारलं, “मग श्यामनं कोणालाच नाही सांगितलं?” यावेळी मी तयार होते. म्हटलं, सांगितलं ना. मोठा झाल्यावर, नाशिकच्या तुरुंगात बसून, १९३३ साली, सगळ्यांना सांगितलं. पुस्तक लिहिलं. आईवर रागावून नाही हं, आई आठवून आठवून.

“तेव्हा किती वर्षांचा होता?”

तेहतीस, मी म्हटलं.

“एवढे दिवस लागले?”

तिचे बाबा आत्ता मागे कॉफीच्या टेबलाशी उभे आहेत. मी बोलायला लागल्यापासून त्यांनी तीनदा कप भरलाय आणि एकदाही इकडे बघितलेलं नाही. माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. मुलं आत खोळंबलीत, पडदा उघडा.